नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

"सुरुवात तर दणक्यात होते, पण पुढे टिकत नाही. असं का?" सवयींचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पाडव्याला धरलेला रोजनिशीचा नेम वैशाखापर्यंत पोचत नाही. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरली जाते आणि फेब्रुवारीत तिकडची वाट बंद होते. योगासनांची चटई गुंडाळून कपाटामागे जाते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आरंभशूर आहेस, झालं!" ज्याला ते म्हटलं जातं त्यालाही ते पटतं. आपल्यात जिद्दच नाही, असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो.

हा निकाल चुकीचा आहे, आणि तो माणसाचं नुकसान करतो. उत्साह ओसरणं हा कुणा एकाचा स्वभावदोष नाही. निरोगी मेंदू तसाच वागतो. ज्यांच्या सवयी टिकतात त्यांचाही उत्साह ओसरतो. फरक इतकाच, की तो ओसरण्याआधी त्यांनी काही सोय करून ठेवलेली असते. ही सोय कशी करायची, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू: रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असावा, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. जेवणानंतर बसून राहण्याऐवजी थोडं हलकं चाललं तर रक्तातली साखर कमी चढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. शतपावलीला पैसे पडत नाहीत, शिकवणी लावावी लागत नाही, आणि ती चांगली असते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तरीही ती टिकत नाही. म्हणजे अडचण माहितीची नाही. मग कशाची?

१. उत्साह का ओसरतो?

पहिल्या रात्री शतपावलीला निघताना मजा वाटते. नवे बूट, गार वारा, "आजपासून मी बदललो" ही भावना. दहाव्या रात्री तोच रस्ता, तीच कोपऱ्यावरची दुकानं, तीच कुत्री. चालणं तेवढंच उपयोगी असतं, पण मजा गेलेली असते.

याचं एक कारण मेंदूत सापडतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळांच्या रसाचे थेंब दिले, की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी जोरात काम करू लागत. या पेशी डोपामिन नावाचं रसायन वापरतात. पुढे रस देण्याआधी दिवा लावायला सुरुवात केली. काही काळाने माकडाला कळलं, की दिवा लागला म्हणजे रस येणार. तेव्हापासून त्या पेशी दिवा लागताच उत्तेजित होऊ लागल्या, आणि रस मिळाल्यावर मात्र शांत राहू लागल्या. रस तोच होता. पण तो अपेक्षित झाला होता, त्यात नवल उरलं नव्हतं. १९९७ मध्ये शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षिसाचं मोजमाप करत नाहीत. अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा किती कमी मिळालं, त्याचं मोजमाप करतात.

माणसाचं जगणं माकडाच्या प्रयोगापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे. तरी नव्या गोष्टीची चव लवकर का उतरते, याचा एक धागा इथे मिळतो. जे अंगवळणी पडतंय त्याचं मेंदूला अप्रूप राहत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. शतपावलीचा कंटाळा आज, आत्ता येतो. तिचा फायदा तीन महिन्यांनी साखरेच्या तपासणीत दिसतो. आजचा त्रास डोळ्यांसमोर असतो आणि उद्याचा लाभ धूसर. अशा वेळी मन आजच्या बाजूने कौल देतं.

तेव्हा गळती होते यात नवल नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी नववर्षाचा संकल्प केलेल्या २०० जणांचा दोन वर्षं मागोवा घेतला. एका आठवड्यानंतर ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते. दोन वर्षांनंतर १९ टक्के. हे १९ टक्के लोक पुढे पुन्हा भेटणार आहेत, कारण त्यांच्याविषयीची एक गोष्ट फार धीर देणारी आहे.

२. सवय म्हणजे नेमकं काय?

आपण "मला रोज चालायची सवय आहे" असं म्हणतो, तेव्हा मनात असतं ते "मी रोज चालतो" एवढंच. अभ्यासक मात्र सवय हा शब्द अधिक काटेकोरपणे वापरतात. एखादी खूण समोर आली, की फारसा विचार न करता जी कृती आपोआप सुरू होते, ती सवय. खूण म्हणजे वेळ, जागा, आधीची एखादी कृती किंवा सोबतची माणसं. घरात शिरताच हात दिव्याच्या बटणाकडे जातो. तिथे उत्साहाचा प्रश्नच येत नाही.

अशा कृती दिवसभरात किती असतात? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करतोय आणि मनात काय चाललंय, याची नोंद ठेवायला सांगितली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नोंदवलेल्या कृतींपैकी सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, बहुधा त्याच जागी आणि बऱ्याचदा दुसराच काही विचार करता करता होत होत्या.

खुणेची ताकद किती असते, हे त्यांच्याच गटाच्या २०११ च्या एका प्रयोगातून कळतं. चित्रपटगृहात काही प्रेक्षकांना ताजे पॉपकॉर्न दिले आणि काहींना सात दिवसांपूर्वीचे, मऊ पडलेले. ज्यांना सिनेमाला पॉपकॉर्न खायची सवय नव्हती, त्यांनी शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले. ज्यांना पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले. ते आवडले नाहीत असं ते स्वतःच सांगत होते! हाच प्रयोग सभेच्या खोलीत केला, तेव्हा सवयीच्या लोकांचाही हात आवरला. चित्रपटगृहातल्या खुणा तिथे नव्हत्या.

या प्रयोगातून आपल्या कामाचं एवढं घ्यायचं: पक्की झालेली सवय आवडीनावडीवर चालत नाही. ती खुणेवर चालते. वाईट सवयींच्या बाबतीत हे त्रासदायक आहे, चांगल्या सवयींच्या बाबतीत मोठं वरदान. शतपावली एकदा खुणेला बांधली गेली, की ती आवडण्याची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून उत्साहाकडून अपेक्षा मर्यादित ठेवावी. सवय आयुष्यभर वाहून नेणं त्याला जमणारं नाही. सुरुवातीचे दिवस काढून देणं आणि पुढची सोय लावून देणं, एवढं त्याच्याकडून नक्की होतं.

३. किती दिवस काढायचे? २१ चा आकडा आणि ६६ चा

"कुठलीही सवय २१ दिवसांत लागते" हे वाक्य तुम्ही भाषणांत, पुस्तकांत, मोबाइलवर कितीदा तरी पाहिलं असेल. त्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे तोंडोतोंडी होत "किमान" गळून पडलं, चेहराही बाजूला राहिला आणि सगळ्याच सवयींसाठी २१ दिवस पक्के झाले.

या गैरसमजाची किंमत मोठी आहे. बाविसाव्या दिवशीही शतपावलीचा कंटाळा आला, की माणूस म्हणतो, "माझ्याच्याने होणार नाही."

प्रत्यक्षात किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी तपासलं. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा हालचालीची एकेक नवी सवय निवडली आणि ती रोजच्या एका ठरावीक खुणेला जोडली. कुणी नाश्त्यानंतरची वेळ धरली, कुणी जेवणाआधीची. मग १२ आठवडे रोज नोंदी ठेवल्या: केलं का, आणि किती आपोआप झालं? २०१० मध्ये छापून आलेले निष्कर्ष असे: कृती आपोआप होण्याच्या जवळ पोचायला मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला त्याच वेगाने २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा पेला पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी लवकर बसल्या. व्यायामाच्या सवयींना त्यांच्या साधारण दीडपट वेळ लागला.

दही लावणाऱ्याला हे समजायला जड जाणार नाही. विरजण तेच, दूध तेच, पण उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं आणि थंडीत रात्रभर ठेवूनही पातळ राहतं. म्हणून कुणी ते फेकून देत नाही. भांडं उबेला एका जागी ठेवायचं आणि सारखं हलवायचं नाही, एवढंच आपल्या हातात असतं. सवयीचंही तसंच आहे. रोज नवी वेळ, नवी जागा, नवा प्रकार करून ती ढवळत राहिलात, तर ती धरत नाही.

लॅलींच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कृती आपोआप होण्याचं प्रमाण सुरुवातीच्या दिवसांत भराभर वाढतं, मग वाढ मंदावते आणि शेवटी सपाट होते. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतली प्रत्येक खेप जास्त मोलाची असते. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे उत्साहाची शिल्लक असते. ती कुठे खर्च करायची, ते आता पाहू.

४. कधी, कुठे, कशानंतर: हे आजच ठरवा

"मी उद्यापासून चालणार" हा संकल्प झाला. "रात्री जेवून हात धुतले, की चपला घालून खाली उतरणार" ही योजना झाली. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी या दोहोंतला फरक अनेक वर्षं अभ्यासला. "अमुक झालं, की तमुक करेन" अशा स्वरूपात ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, असं २००६ मध्ये त्यांनी पास्कल शीरन यांच्याबरोबर ९४ चाचण्या एकत्र तपासून दाखवलं.

ब्रिटनमधला एक प्रयोग यासाठी मुद्दाम सांगायला हवा. २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. सगळ्यांसमोर पुढच्या आठवड्यात एकदा तरी २० मिनिटं चांगला व्यायाम करण्याचं लक्ष्य होतं. एका गटाला विशेष काही सांगितलं नाही. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा टळतो, हे पटवून दिलं. तिसऱ्या गटाला तेच पटवून दिलं आणि वर "कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे" हे लिहून घेतलं. पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला, दुसऱ्यातल्या ३५ टक्के, तिसऱ्यातल्या ९१ टक्के.

दुसऱ्या गटाचा आकडा पुन्हा पाहा. नुसत्या प्रेरणादायी माहितीने काहीही वाढलं नव्हतं. म्हणून कंटाळा आला की आणखी एक प्रेरणादायी व्हिडिओ पाहण्यात वेळ घालवू नये. तीच पाच मिनिटं आपली वेळ आणि जागा ठरवण्यात घालवावीत.

आपल्याकडची चातुर्मासाची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आषाढी एकादशीला नेम धरायचा आणि कार्तिकी एकादशीला सोडायचा. मधले चार महिने म्हणजे चांद्रमासांच्या हिशेबाने सुमारे ११८ दिवस. नेम बहुधा छोटा आणि नेमका: आंघोळ झाल्यावर पोथीचा एक अध्याय, एक वेळ जेवण, कांदा-लसूण वर्ज्य. वेळ ठरलेली, आधीची कृती ठरलेली, शेवटचा दिवस ठरलेला आणि घरादाराला माहीत असलेला. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांचा हेतू धार्मिक होता. पण सवय धरण्याला जे जे लागतं, ते बहुतेक सगळं त्यात आलेलं आहे.

शतपावलीसाठी अशी योजना लिहू: "रात्री जेवून हात धुतले, की मी चपला घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत जाईन. पाऊस असेल तर घरातल्या घरात, दारापासून गॅलरीपर्यंत चालेन." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. जूनमध्ये पाऊस लागणार हे मार्चमध्येच ठाऊक असतं. मग त्याची सोयही मार्चमध्येच करावी.

खूण निवडताना एक पथ्य पाळावं. घड्याळाच्या वेळेपेक्षा रोज हमखास घडणारी एखादी कृती चांगली. "साडेनऊला चालेन" ठरवलं, तर पावणेदहाला जेवण उरकल्यावर वेळ टळलेली असते. जेवण मात्र रोज होतंच, आणि त्यानंतर हातही धुतलेच जातात.

५. वाईट दिवसाचं माप

नवी सवय धरताना आपण उत्साहाच्या दिवसाचं माप घेतो. "रोज पाच किलोमीटर", "रोज तासभर वाचन". ज्या दिवशी ऑफिसातून उशीर झाला, डोकं दुखतंय, पाहुणे आलेत, त्या दिवशी हे माप बसत नाही आणि सगळंच राहून जातं.

उलट करून पाहा. आपल्या सगळ्यांत थकलेल्या दिवसाला जे जमेल, ते किमान माप ठरवा. अमेरिकेतले वर्तन-अभ्यासक बी. जे. फॉग हे तर दातांत दोरा फिरवण्याची सवय लावताना एकाच दातापासून सुरुवात करायला सांगतात. आपल्या उदाहरणात शंभर पावलं पुरेत. शंभर पावलं म्हणजे सत्तर मीटरच्या आसपास. सावकाश चाललं तरी दीड मिनिट.

दीड मिनिटाने शरीराला असा कितीसा फायदा होणार, ही शंका रास्त आहे. थोडा हिशेब करू. समजा, तुम्ही अर्ध्या तासाचं माप ठरवलं. पहिल्या महिन्यात ते १२ दिवस जमलं आणि मग सुटलं. एकूण झाले ६ तास. आता समजा, किमान माप शंभर पावलांचं ठेवलं. वर्षातले ३०० दिवस तुम्ही खाली उतरलात. त्यांतल्या १०० रात्री खरोखर थकलेल्या होत्या, तेव्हा दीड मिनिटातच परत फिरलात. उरलेल्या २०० रात्री पाय मोकळे झाले आणि १५ मिनिटं चाललात. १०० रात्रींचे अडीच तास आणि २०० रात्रींचे ५० तास. साडेबावन्न तास चालणं झालं, आणि खुणेची गाठ ३०० वेळा घट्ट झाली.

किमान मापाचं काम शरीराला दमवण्याचं नाहीच. हात धुणं आणि चपला घालणं यांचा सांधा रोज जुळता ठेवायचा, हे त्याचं काम. चालणं नंतर वाढवता येतं. सांधाच जुळला नाही, तर वाढवायला काही उरत नाही. पहिले दोन महिने तरी जास्त जमलं म्हणून किमान माप वाढवू नका. जास्त चाला, पण माप शंभरच ठेवा.

६. घराची मांडणी बदला

ज्यांचा स्वतःवर मोठा ताबा असतो, ती माणसं दिवसभर मोहाशी झुंजत असतील, असं आपल्याला वाटतं. जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०५ प्रौढांना आठवडाभर, दिवसातून अनेकदा, "आत्ता कसली इच्छा होतेय? तिच्याशी झगडावं लागतंय का?" असं विचारलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत वेगळंच दिसलं. अधिक आत्मसंयमी लोकांना असे झगडे कमीच करावे लागत होते. अमेरिकेत ब्रायन गाला आणि अँजेला डकवर्थ यांच्या २०१५ च्या अभ्यासांनीही हेच सुचवलं: संयमी दिसणाऱ्या माणसांना बरीच मदत त्यांच्या चांगल्या सवयींची होत असते. त्यांना दर वेळी मनाला आवर घालत बसावं लागत नाही.

हे घडवून आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे चांगल्या गोष्टीच्या वाटेतला अडथळा काढणं आणि नको त्या गोष्टीच्या वाटेत तो घालणं. अडथळा छोटा असला तरी चालतो. एका विद्यापीठाच्या चार मजली इमारतीत १९८० च्या सुमारास लिफ्टचं दार बंद व्हायला १६ सेकंद जास्त लागतील, अशी व्यवस्था केली. लिफ्टचा वापर सुमारे एक तृतीयांशाने घटला. सोळा सेकंद वाचवण्यासाठी लोक जिना चढू लागले!

शतपावलीसाठी हे असं करता येईल. बाहेरच्या चपला बुटांच्या कपाटात न ठेवता दाराशी काढून ठेवाव्यात. घराची किल्ली दारामागच्या खुंटीला असावी. जेवायला बसताना टीव्ही बंद करून रिमोट दुसऱ्या खोलीत ठेवावा. जेवणानंतर सोफ्यावर न बसता सरळ दाराकडे जावं. एकदा टेकलं की उठणं कठीण, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. ही सगळी मांडणी पहिल्या आठवड्यात, अंगात उत्साह असतानाच करून टाकायची.

७. आजच्या श्रमाला आजच काहीतरी मिळू द्या

फायदा तीन महिन्यांनी मिळणार असेल, तर मधल्या काळात मन कशावर धरायचं? चालणं थोडं गोड करावं. अमेरिकेतल्या केटी मिल्कमन यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना उत्कंठा वाढवणाऱ्या कादंबऱ्यांचं ध्वनिमुद्रण दिलं, पण ते जिममध्येच ऐकता येईल अशी अट घातली. सुरुवातीच्या आठवड्यांत या लोकांच्या जिमच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या.

तुम्हीही एखादी आवडती गोष्ट चालण्यासाठी राखून ठेवा. नाट्यगीतं, क्रमशः चालणारी एखादी कथा, बहिणीशी किंवा जुन्या मित्राशी फोन. अट एकच: ती गोष्ट फक्त चालताना. सोबत मिळाली तर आणखी चांगलं. शेजारचे काका खाली वाट पाहत उभे असतील, तर कंटाळा आला तरी माणूस उतरतो. सोबतीचा एक धोकाही आहे. काका गावाला गेले की चालणं थांबू नये. म्हणून मुख्य खूण हात धुण्याचीच ठेवा, सोबत ही वरची जोड असू द्या.

८. खाडा पडला, आता पुढे काय?

खाडा पडणारच. लग्नकार्य, ताप, गणपतीत गावी जाणं, मुलांच्या परीक्षा. प्रश्न दुसऱ्या दिवशी काय होतं, हा आहे.

मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि जॅनेट पोलिव्ही यांनी डाएट करणाऱ्या लोकांचा बराच अभ्यास केला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. डाएट न करणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएट करणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस बिघडलाच आहे, मग आता कशाला आवरायचं, असा विचार त्यामागे असावा असं या अभ्यासकांनी मांडलं. शतपावलीतही असंच होतं. दोन दिवस चुकले, की "आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नव्याने" असं ठरतं आणि मधले वीस दिवस वाया जातात.

आता त्या १९ टक्के लोकांकडे वळू, ज्यांचे संकल्प दोन वर्षं टिकले. त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के लोकांचा पाय मधे कधी ना कधी घसरला होता. दोन वर्षांत घसरण्याची सरासरी होती १४ वेळा. चौदा वेळा चुकूनही ते यशस्वी गटातच होते! लॅलींच्या अभ्यासातही एखादी खेप चुकल्याने सवय धरण्याच्या प्रक्रियेत म्हणावा असा फरक पडला नव्हता. चुकण्याने सवय मोडत नाही, चुकल्यावर लांबणीवर टाकल्याने मोडते.

म्हणून खाड्याचा नियम आधीच लिहून ठेवा: "एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी किमान शंभर पावलं, काहीही झालं तरी." पाच दिवस चुकले, तर सहाव्या दिवशी तेच. राहिलेली पावलं भरून काढायची नाहीत. भरपाईचा बोजा घेतला, की पुन्हा सुरुवात करणं अवघड होतं.

नोंदीसाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. दुधाचे खाडे मांडायला ती आपल्या घरोघरी वापरात आहेच. त्याच चौकटीत चालल्याच्या दिवशी एक बारीक टिंब द्यावं. महिनाअखेरीस मोजावं. ३० पैकी २४ टिंबं असतील, तर तो ८० टक्क्यांचा महिना आहे, आणि तो उत्तम महिना आहे. एकाच आठवड्यात सगळे खाडे पडलेले दिसले, तर त्या आठवड्यात खूण कुठे हरवली, ते शोधावं.

खूण बहुतेक वेळा घर सुटल्यावर हरवते. मिल्कमन यांच्या प्रयोगातही सुटीनंतर लोकांच्या जिमच्या फेऱ्या घटल्या. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांचा वेंडी वुड यांनी २००५ मध्ये अभ्यास केला, तेव्हा असं दिसलं, की जिथे जुनी परिस्थिती तशीच राहिली तिथे जुन्या सवयी टिकल्या, आणि परिस्थिती बदलली तिथे त्या ढिल्या झाल्या. तेव्हा गावी, प्रवासात किंवा नव्या घरात सवय सुटली तर स्वतःला दोष देऊ नका. पहिल्याच दिवशी नव्या जागेची खूण ठरवा: इथे हात कुठे धुतो, चपला कुठे असतात, शंभर पावलं कुठून कुठपर्यंत.

एक सावधगिरीही सांगायला हवी. एखादी नवी सवय टिकत नाही, हे वेगळं. पण आधी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर तो कंटाळा नसून नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे खूण आणि किमान माप यांनी भागत नाही. डॉक्टरांना भेटावं. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

९. आज रात्रीचं काम

आज रात्री चालायला जाण्याआधी एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. पहिली: कोणत्या कृतीनंतर आणि कुठे. दुसरी: सगळ्यांत थकलेल्या दिवशीही जमेल असं किमान माप. तिसरी: घरातली कोणती एक वस्तू हलवायची. चौथी: खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं. सवय शतपावलीची असो, वाचनाची, रियाजाची किंवा पैसे बाजूला टाकण्याची, ओळी याच राहतील.

एका वेळी एकच सवय घ्या आणि तिला तीन महिने द्या. त्या तीन महिन्यांत उत्साह नक्की ओसरेल. तो ओसरला की घाबरू नका आणि त्याला परत आणायच्या मागेही लागू नका. हात धुवा, चपला घाला आणि शंभर पावलं चालून या.